हळदीचा सौदा आणि कराराचे नियम

वसमत व हिंगोलीच्या मोंढ्यांत हळदीचा ढीग लागला, की सही न होताच करार घडू लागतो. व्यापाऱ्याची बोली हा प्रस्ताव. मालविक्री अधिनियम, 1930 अन्वये लिलाव पुकारून पूर्ण होईपर्यंत ती मागे घेता येते, नंतर नाही. माल देणे व पैसे देणे एकाच वेळी, हाही त्याच कायद्याचा दंडक. मात्र वेगळे ठरले नसेल तर! खरी मेख येथेच आहे. ‘पैसे पंधरवड्याने’ यावर शेतकऱ्याने नुसती मान डोलावली, तरी दंडक बाजूला पडतो. बाजार समितीच्या नियमांतील तत्काळ चुकाऱ्याची अट त्यासाठीच आहे. तेव्हा सरपंच व शिक्षकबंधूंनी गावोगावी हिशेबपट्टी वाचावयास शिकवावी: वजन, भाव, हमाली, तोलाई. चुकाऱ्याची तारीख नसेल, तर ती तेथेच लिहून मागावी.