औषधाच्या दुकानातले चार प्रश्न



माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर घरी आली होती. जाताना माझ्या पत्नीला हळूच म्हणाली, "काकू, पाळणा लांबवायच्या गोळ्या घ्याव्यात म्हणते. पण मला चालतील का, हे विचारू कुणाला? दुकानात विचारलं तर गावभर होईल."

हे कळल्यावर मला अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा कायदा आठवला. १ जानेवारी २०१६ पासून तेथे प्रशिक्षित औषधविक्रेत्याला संततिनियमनाच्या गोळ्या स्वतः लिहून देण्याची मुभा मिळाली. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग तरुण मुली दवाखान्याची पायरी चढतीलच कशाला? शंका रास्त आहे. विशी-बाविशीत शरीर कुरकुरत नाही, त्यामुळे डॉक्टरही आठवत नाही. पुष्कळजणींना गोळ्यांची चिठ्ठी हेच काय ते दवाखान्याचे निमित्त असते. ते गेले, तर तपासणीही जायची!

कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते. म्हणून गोळी देण्याआधी प्रश्न ठेवले. विडी-सिगारेट ओढता का? डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकते का? कधी रक्ताची गुठळी झाली होती का? रक्तदाब किती? कारण नेहमीच्या मिश्र गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो. शंका आली, की डॉक्टरांकडे पाठवायचे. शिवाय मूळ कायद्यात अट होती, की पहिल्या गोळ्यांनंतर तीन वर्षांत दवाखान्यात तपासणी झाली नसेल, तर दुकानातून पुढे गोळ्या मिळणार नाहीत. दुकान हा दवाखान्याचा उंबरठा झाला, तर त्यात वावगे काय?

आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या कामापायी त्यांना गणिताची प्राध्यापकी गमवावी लागली. आज 'माला-एन' गोळ्या सरकारी आरोग्यकेंद्रात फुकट मिळतात, आशाताईंकडेही असतात. गोळी आहे; उणीव आहे ती आपुलकीने चार प्रश्न विचारणाऱ्या माणसाची. शिक्षकबंधुभगिनींनो, निदान 'अमक्याकडे जा, लाजू नकोस' एवढे तरी आपण सांगू शकतो.

त्या मुलीला माझी पत्नी आरोग्यकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला. तो बराच वाढलेला निघाला. त्यांनी मिश्र गोळी दिली नाही, डॉक्टरांकडे पाठवले आणि दुसरा उपाय सुचवला. एरवी गोळी कुठूनही मिळाली असती. रक्तदाब मात्र कळला नसता.