ठोके न देणारं हृदय



कृत्रिम हृदयाचा विषय निघाला की सर्जनची नावं घेतली जातात. २ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात विल्यम डीव्रीज यांनी बार्नी क्लार्क या दंतवैद्यांच्या छातीत ‘जार्विक-७’ बसवलं. क्लार्क ११२ दिवस जगले, पण शेजारच्या अवजड हवायंत्राला नळ्यांनी बांधलेले. ही हकिकत बहुतेकांच्या कानावर आहे. आज मी बोलणार आहे ते ऑपरेशनच्या टेबलाच्या अलीकडे, वर्कशॉपमध्ये बसलेल्या माणसाबद्दल. डॅनियल टिम्स त्याचं नाव. बायोमेडिकल इंजिनिअर दिवसभर करतो तरी काय, हे त्यांच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाकडे पाहून कळत नाही.

टिम्स ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे. वडील प्लंबर. २००१ च्या सुमारास वडिलांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, तेव्हा मुलगा इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करत होता. त्याने विषय घेतला हृदयाचा. पंप तपासायचा तर आधी रक्ताभिसरणाची नक्कल हवी. बापलेक हार्डवेअरच्या दुकानात गेले, पाइप आणि व्हॉल्व्ह आणले आणि शरीरातला सगळा फेरा नळकामातून उभा केला. मला या प्रकाराचं अजिबात आश्चर्य वाटत नाही. दाब, प्रवाह, तुंबणं, गळती यातलं प्लंबरला काय शिकवायचं!

आता अडचण काय ते सांगतो. आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. जार्विकच्या जातीच्या यंत्रांत प्लास्टिकचा पडदा हवेच्या दाबाने हलतो. तो पडदा किती वर्षं वाकेल? व्हॉल्व्ह किती उघडझाप सोसतील? क्लार्कना बसवलेल्या यंत्राचा एक व्हॉल्व्ह तर दोन आठवड्यांच्या आतच तुटला होता. निसर्गाच्या हृदयाची डागडुजी आतल्या आत चालू असते, यंत्राची होत नाही. म्हणून टिम्सनी ठोक्यांचा नादच सोडला. त्यांच्या ‘बायव्हॅकॉर’मध्ये पडदा नाही, व्हॉल्व्ह नाहीत. टायटॅनियमच्या मुठीएवढ्या घरात एकच चकती फिरते आणि ती कशालाही टेकलेली नाही. चुंबकांनी ती अधांतरी धरून ठेवलेली असते. घर्षण नाही, म्हणून झीज नाही. शिवाय भोवती पुरेशी फट राहते, त्यामुळे रक्तपेशी चिरडल्या जात नाहीत. रक्त हे पाण्यासारखं निमूट नसतं. जोराने घुसळलं तर त्यातल्या पेशी फुटतात, आणि कुठे रेंगाळू दिलं तर गुठळी होते. पंप बनवणाऱ्याचं आयुष्य या दोन भीतींच्या मधे जातं.

पण मला त्या चकतीचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. हृदय म्हणजे दोन पंप. उजवा फुप्फुसांकडे रक्त ढकलतो, डावा सबंध शरीराकडे. उजव्याने थोडं जास्त ढकललं आणि डाव्याला ते उपसता आलं नाही, तर फुप्फुसांत पाणी भरतं. दोघांना अगदी सारखंच ढकलायला लावलं, तरीही जमत नाही. फुप्फुसांच्या स्वतःच्या पोषणासाठी गेलेलं थोडं रक्त परस्पर डाव्या बाजूला येतं, म्हणून डाव्याचं काम मुळात किंचित जास्त. टिम्सनी एकाच चकतीच्या दोन्ही अंगांना पाती दिली, एका अंगाला डाव्याची, दुसऱ्याला उजव्याची. दोन बाजूंच्या दाबात फरक पडला की चकती तसूभर सरकते, एकीकडची फट वाढते, दुसरीकडची घटते आणि हिशेब जुळतो. एवढं सुचायला आणि सुचल्यावर चालवून दाखवायला करिअरचा किती भाग जातो, याचा अंदाज समोर बसलेल्या मुलांनी करावा.

ते यंत्र घेऊन टिम्स जपान, जर्मनी, तैवान असे फिरले आणि ह्यूस्टनला टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये स्थिरावले. तिथे बड फ्रेझिअर आणि बिली कोन हे सर्जन ठोक्याविना चालणाऱ्या पंपांवर आधीपासून काम करत होते. वासरांच्या छातीत यंत्र बसवून चाचण्या झाल्या. वडील मात्र त्याआधीच गेले होते. माणसाच्या छातीत बायव्हॅकॉर पहिल्यांदा बसलं ते जुलै २०२४ मध्ये. तेवीस वर्षं, आणि दुकानात मांडायला एक वस्तू नाही! आपल्याकडे अशा मुलाला घरचे दर दिवाळीला विचारतील, “तुझं ते संपणार कधी?”

तो पहिला रुग्ण आठ दिवस त्या यंत्रावर राहिला, मग त्याला दात्याचं हृदय मिळालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये पॉल जान्स यांनी चाळिशीतल्या एका गृहस्थांना ते बसवलं. फेब्रुवारीत ते गृहस्थ यंत्रासकट हॉस्पिटलमधून बाहेर पडले आणि शंभरहून अधिक दिवसांनी, मार्चमध्ये, त्यांना दात्याचं हृदय मिळालं. म्हणजे आजवर तरी हे यंत्र प्रत्यारोपण होईपर्यंत तग धरण्यासाठी वापरलं गेलं आहे. जन्मभरासाठी द्यायचं तर अजून एक गोष्ट सुटायला हवी. आतल्या मोटारीला वीज लागते आणि ती देणारी वायर कातडीतून बाहेर येऊन कंट्रोलर आणि बॅटरीला जोडलेली असते. जिथे ती बाहेर येते ती जखम कधी पुरती मिटत नाही, जंतूंना तिथे वाट मिळते, आणि पोहणं तर सोडाच, आंघोळीलासुद्धा जपावं लागतं. कातडीला भोक न पाडता वीज आत पोचवण्याच्या खटपटी अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत.