पेटीतल्या मधावर लेव्ही लावू नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्यापैकी काही जणांनी यंदा पहिल्यांदाच बांधावर मधपेटी ठेवली आहे. कोणी अनुदानावर घेतली, कोणी पदरचे पैसे घालून. आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. दिवाळी झाली, रात्री गार पडू लागल्या. पेटी टिकणार की मोडणार, हे आता पुढच्या पंधरा दिवसांत ठरते.

जुन्या माणसांना ज्वारीची लेव्ही आठवत असेल. जमिनीच्या हिशेबाने पोती मागितली जात. घरात खायला किती लागते, बियाण्याला किती ठेवायचे, हे कोणी विचारत नसे. नवा मधपाळ तीच लेव्ही माशीवर लावतो. पेटी जड लागली की सगळ्या चौकटी रिकाम्या करून मोकळा होतो. दोन-चार बाटल्या मध हाती येतो आणि पौषात पेटी ओस पडते. मग म्हणतो, माश्या पळाल्या. पळतील नाही तर काय करतील? आपली सातेरी माशी उपासमार झाली की घर सोडते. तो तिचा स्वभावच आहे.

थंडीत माशी झोपत नाही. सगळ्या माश्या पोळ्यावर दाटीवाटीने बसतात, अंगातले स्नायू हलवून ऊब तयार करतात आणि मधली पिल्ले ३४-३५ अंशांवर ठेवतात. बाहेर आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरला तरी आत हे काम रात्रभर चालते. त्याला जळण लागते. मध हेच त्यांचे पीठ आणि मध हेच त्यांचे सरपण.

बर्फाच्या देशातली पुस्तके वाचून पेटी चार महिने गुंडाळून ठेवू नका. तिकडे हिवाळ्यात फूल नसते. आपल्या कोरडवाहू शिवारात कारळ आणि कपाशीचा बहर ओसरतो, तेव्हा तूर फुललेली असते. ज्वारी निसवली की माशीला पराग मिळतो. पुढे जवस, करडई, कोथिंबीर, कांद्याचे बी येते. अडचण होते ती तुरीचा फुलोरा संपून करडई फुलेपर्यंत. नेमकी तेव्हाच थंडी कडक असते. ज्या गावात करडईच उरली नाही, तिथे ही खिंड आणखी लांबते. म्हणून शेजारच्या गावाचा हिशेब न धरता आपल्या शिवारात कोणते फूल कधी येते, ते कागदावर लिहून काढा. पेटी अनुदानात मिळेल, फुलोरा अनुदानात मिळत नाही.

आता कामाचे सांगतो. ऊन असलेल्या दिवशी दुपारी पेटी उघडा आणि दहा मिनिटांत बंद करा. चार गोष्टी पाहा. अंडी आहेत का, म्हणजे राणी कामावर आहे हे कळते. माश्या किती चौकटी झाकतात? पराग आहे का? मेणाने बंद केलेला मध किती आहे? मध काढायचा तो फक्त वरच्या कोठीतला, तोही तीन हिस्से मेणाने बंद झालेला. शिवारात पुढे फूल नसेल तर त्यातलाही काही ठेवा. खालच्या, पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावायचा नाही.

ज्या चौकटींवर माश्या नाहीत त्या काढून घ्या आणि मोकळ्या जागेकडे आडवी फळी द्या. रिकाम्या काळ्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो, ती वितळवून मेण करा. दार लहान करा. आतल्या झाकणावर बारदानाची घडी ठेवा. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत ओल साचते. उत्तरेकडून वारा लागत असेल तर कडब्याच्या पेंढ्या किंवा तुराट्या उभ्या करा. पऱ्हाटी नको, तिच्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. उन्हासाठी पेटी उचलून दहा-वीस हात सरकवू नका, माश्या जुन्या जागीच परत येतात. सावली पडत असेल तर फांदी तोडा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत.

मध कमीच असेल तर दोन भाग साखर, एक भाग पाणी असा पाक करून गार करा आणि संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. दिवसा किंवा उघड्यावर ठेवलात तर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नका, माशीचे पोट बिघडते. दोन पेट्या अशक्त असतील तर एक राणी काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून दोन्ही एक करा. आजारी पेटी मात्र निरोगी पेटीत मिसळू नका.

शेवटची गोष्ट फवारणीची. कपाशीच्या पानामागे शिरेवर रसाची गाठ असते. फूल नसले तरी माशी त्या रसासाठी येते. म्हणून कपाशी असेपर्यंत धोका आहे. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा, फवारणी माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले. जे विष माणसाला सोसत नाही, ते माशीला काय सोसणार?

आपण इतकी वर्षे एकच गोष्ट सांगत आलो. उत्पादन खर्च भरून निघाल्यावर उरते तोच नफा, त्याआधी कोणी उचलून नेले तर ती लूट. माशीचाही उत्पादन खर्च आहे. तो मधातच भागतो. तिची थंडी निघेल एवढा मध पेटीत राहू द्या, त्यावर उरेल तो तुमचा. पहिल्या वर्षी एक बाटलीही मिळाली नाही, पण करडईला फूल आले तेव्हा पेटी भरलेली असली, तर तुमचे भांडवल शाबूत आहे असे समजा.