जुन्या घड्याळांची शुश्रूषा

कांहीं छंदांना पैसा लागतो, कांहींना जागा लागते. जुन्या घड्याळांच्या छंदाला मुख्यतः धीर लागतो. आठवड्यांतून एकदां किल्ली देण्याचें, लंबकाचें आणि टोल देणारें भिंतीवरचें घड्याळ महाराष्ट्रांतील पुष्कळ जुन्या घरांतून अजून पाहावयास मिळतें. त्याच्या तबकडीवर किंवा आंतल्या पितळी पत्र्यावर कोठें जर्मनींतील श्राम्बर्ग गांवीं १८६१ सालीं निघालेल्या युंगहान्स कारखान्याचें नांव असतें, कोठें १८९२ सालीं टोकियोंत सुरू झालेल्या सेइकोशाचें, तर कोठें अमेरिकेंतील ॲन्सोनिया कंपनीचें. ही शेवटची कंपनी १९२९ सालीं बुडाली व तिची यंत्रसामुग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. तिनें घडविलेलीं घड्याळें मात्र, कोणी त्यांची नीट वास्तपुस्त केली तर, आजहि चालूं शकतात.

ही वास्तपुस्त कोणी करावयाची व कशी करावयाची, हाच खरा प्रश्न आहे. बंद पडलेल्या घड्याळाच्या नशिबीं सामान्यतः दोहोंपैकीं एक गोष्ट येते. एक तर तें माळ्यावर जातें व तेथून भंगारवाल्याकडे. नाहीं तर त्याचें अंतरंग काढून टाकून त्या जागीं बॅटरीवर चालणारें एक चिमुकलें यंत्र बसविण्यांत येतें. दुसऱ्या प्रकारांत कांटे फिरूं लागल्याचें समाधान मिळतें खरें, पण फिरवितें तें दुसरेंच कांहीं असतें. जुन्याचें केवळ लाकडी खोकें उरतें. ही हानि टाळणें घरांतल्याच एखाद्या चौकस माणसाला शक्य आहे. मात्र त्यानें एक गोष्ट आरंभींच मनावर बिंबविली पाहिजे. जुन्या घड्याळाचें जितकें नुकसान काळानें होतें, तितकेंच, किंबहुना पुष्कळदां त्याहून अधिक, तें दुरुस्त करूं पाहणाऱ्या उतावळ्या हातांनीं होतें.

हें विधान पटण्यासाठीं घड्याळाची रचना थोडीशी समजून घेतली पाहिजे. पोलादाची लांब, पातळ पट्टी गुंडाळून आवळली म्हणजे ती उलगडूं पाहते. हीच घड्याळाची कमान. तिचा जोर दांतेरी चाकांच्या मालिकेंतून शेवटच्या चाकापर्यंत पोंचतो. हें चाक मोकळें सोडलें, तर आठ दिवसांची किल्ली पाहतां पाहतां उतरून जाईल. म्हणून त्याच्यावर जहाजाच्या नांगरासारखा दिसणारा एक पोलादी तुकडा पहारा करतो, आणि लंबकाच्या एका पूर्ण आंदोलनाबरोबर चाकाचा एकच दांता पुढें जाऊं देतो. सुटतां सुटतां तो दांता लंबकाला हलकासा धक्का देऊन जातो. त्या धक्क्यावर लंबकाचें हेलकावणें टिकून राहतें. लंबक घड्याळाला जोडण्याची कल्पना क्रिस्तियान हायगेन्स ह्या डच शास्त्रज्ञानें १६५६ सालीं प्रत्यक्षांत आणली. त्यापूर्वींचीं घड्याळें दिवसाला पाव पाव तास चुकत. ती चूक ह्या एका सुधारणेनें अर्ध्या मिनिटाच्या आंत आली.

येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, आरंभीं कमानींत भरपूर असलेला जोर शेवटच्या चाकापर्यंत पोंचतांना अगदीं अल्प उरतो. चाकांच्या आंसांचीं बारीक टोंकें पितळी पत्र्याच्या भोंकांत फिरतात व त्या ठिकाणीं तेलाचा थेंब असतो. हें तेल वर्षानुवर्षें धूळ शोषून प्रथम दाट होतें, मग चिकट होतें आणि अखेर डिंकासारखें वाळून बसतें. घर्षण वाढतें, लंबकाला मिळणारा धक्का अपुरा पडतो, आणि घड्याळ थांबतें. पुष्कळ वेळां तें मोडलेलें नसतें. तें मळलेलें असतें.

घरोघर चालत आलेल्या एका समजुतीचा निकाल येथेंच लागतो. किल्ली पूर्ण भरलेली असून घड्याळ बंद, असें दिसलें कीं, "किल्ली फार दिली म्हणून बिघडलें," असा ठपका घरांतल्या एखाद्या मुलावर येतो. वस्तुतः कमान पुरती आवळणें हेंच किल्ली देण्याचें प्रयोजन आहे. निरोगी घड्याळ तेवढ्यानें थांबत नाहीं. कमान तुटली असती, तर किल्ली आवळलीच गेली नसती, नुसती फिरत राहिली असती. भरल्या किल्लीचें घड्याळ थांबतें तें बहुधा वाळलेल्या तेलामुळें. तेव्हां अशा प्रसंगीं मुलाला बोल न लावतां घड्याळाच्या पोटांत पाहणें अधिक न्यायाचें होईल.

परंतु पोटांत पाहण्यापूर्वींहि घड्याळ नुसतें ऐकावें. टिक्‌ आणि टक्‌ ह्यांतील अंतर दोन्ही बाजूंना सारखें आलें पाहिजे. टिक्‌च्या मागोमाग घाईनें टक्‌ आणि मग लांबलेली उसंत, अशी लंगडी चाल ऐकूं आली, तर खोकें सरळ टांगलेलें नाहीं असें समजावें. त्याची खालची बाजू किंचित्‌ उजवीकडे किंवा डावीकडे सरकवावी आणि ठेका जेथें सम होईल तेथें तें स्थिर करावें. घर रंगवितांना खालीं उतरविलेलें घड्याळ पुन्हां टांगल्यावर चालेनासें होतें, त्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. असें घड्याळ उघडण्याची मुळींच गरज नसते.

एवढ्यानें न भागल्यास यंत्र बाहेर काढावें लागतें, आणि येथें पहिला धोका आहे. आवळलेली कमान एकाएकीं सुटली, तर ती बोटांना गंभीर इजा करते. टोल देणाऱ्या घड्याळांत अशा दोन कमानी असतात. एक कांट्यांसाठीं, दुसरी ठोक्यांसाठीं. दोन्हींचा जोर किल्ली घट्ट धरून, खटका उचलून, थोडा थोडा उतरवून घेतल्याखेरीज पितळी पत्रे जोडणारा एकहि स्क्रू सैल करूं नये. हें काम प्रथम एखाद्या जाणत्या घड्याळजीच्या शेजारीं बसून पाहावें, हें उत्तम. नंतर प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याची जागा कागदावर आकृति काढून नोंदवावी. आतां खिशांतल्या फोननें छायाचित्र घेणें सोपें झालें आहे व तें अवश्य घ्यावें. पण हातानें काढलेल्या आकृतीनें रचना जशी डोक्यांत बसते, तशी छायाचित्रानें बसत नाहीं.

पितळी व पोलादी भाग रॉकेलमध्यें मऊ ब्रशनें धुवावे. अर्थात्‌ दिव्यापासून व चुलीपासून दूर, मोकळ्या हवेंत. प्रत्येक भोंक लाकडाच्या टोंकदार काडीनें, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत, साफ करावें. मग सर्व भाग पूर्ण कोरडे करून जोडावे आणि घड्याळासाठीं म्हणून मिळणारें तेल, तारेच्या टोंकावर राहील इतकेंच, आंसांच्या टोंकांशीं द्यावें. चाकांचे दांते कोरडेच ठेवावयाचे असतात. त्यांना तेल लागलें कीं धूळ चिकटते व दांते झिजतात. खोबरेल तेल घट्ट होतें, शिवणयंत्राचें तेल पातळपणामुळें पसरून जातें. तबकडी न उघडतां वरूनच तेलाची धार सोडणें म्हणजे जुन्या मळाचा नवा चिखल करणें होय.

आंसांचीं टोंकें फिरून फिरून भोंकें लंबगोल होतात व चाकें एकमेकांपासून ढळतात. ह्यावर योग्य उपाय म्हणजे भोंक मोठें करून त्यांत पितळेची नवी बारीक नळी बसविणें. परंतु झटपट काम उरकणारे कारागीर भोंकाच्या कडेनें ठोकणी मारून धातु दाबतात व भोंक लहान करतात. घड्याळ कांहीं काळ चालतें. ठोकणीचे ते व्रण मात्र कायमचे राहतात. पाण्यानें पुसून अंक गेलेली कागदी तबकडी, घासून पातळ केलेलें पितळ, चकचकीत नव्या रोगणाखालीं गेलेलें जुनें लाकूड, हीं सर्व अशाच हौसेचीं फळें आहेत. जुने कारागीर दुरुस्तीची तारीख व आपलें नांव पत्र्यावर अणकुचीनें कोरून ठेवीत. त्या घड्याळाचा तोच इतिहास असतो, आणि पॉलिशच्या हव्यासांत तो पुसला जातो.

सुधारणेच्या नांवाखालीं काय गमावतें, ह्याचें एक मोठें उदाहरण इंग्लंडांत आहे. सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमधील लोखंडी घड्याळ १३८६ च्या सुमाराचें मानलें जातें. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंबकाची नवलाई पसरली, तेव्हां त्याचीहि जुनी नियामक योजना काढून लंबक बसविण्यांत आला. १९५६ सालीं तें मूळ स्वरूपांत आणावयाचें ठरलें, तेव्हां काढलेले भाग उपलब्ध नव्हते. ते तर्कानें नव्यानें घडवावे लागले. काढून टाकलेली वस्तु जपून ठेवली असती, तर तर्काची गरजच पडली नसती. घरच्या घड्याळाचा तुटका स्क्रूसुद्धां डबींत घालून, ती डबी खोक्यांत ठेवावी, हा नियम ह्यावरूनच समजतो.

ह्या छंदांत धीर कोठवर जाऊं शकतो, हें रूपर्ट गूल्ड ह्या इंग्रज नौदल-अधिकाऱ्यानें दाखवून दिलें. समुद्रावर रेखांश काढण्याच्या उपायासाठीं ब्रिटिश पार्लमेंटनें १७१४ सालीं २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस ठेवलें होतें. जॉन हॅरिसन ह्या सुतारानें त्यासाठीं एकामागून एक चार यंत्रें केलीं. पहिलें १७३५ सालीं पुरें झालें. तिसऱ्यावर तो १९ वर्षें खपला. आणि चौथें, मोठ्या खिशांतल्या घड्याळासारखें, १७६१ सालीं जमैकाच्या सफरीवर निघालें, तें ८१ दिवसांत अवघें ५ सेकंद मागें पडलें. अशीं हीं यंत्रें पुढें ग्रीनिचच्या वेधशाळेंत मळून, गंजून पडलीं होतीं. १९२० सालीं गूल्डनें तीं पाहिलीं आणि मोबदला न घेतां स्वच्छ करून देण्याचें अंगावर घेतलें. त्यानें घड्याळजीचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. महायुद्धाच्या आरंभीं त्याचें मानसिक स्वास्थ्यहि ढासळलें होतें. पण प्रत्येक भाग पाहावा, त्याची आकृति काढावी, वह्या भरून टिपणें करावीं, न समजल्यास थांबावें, ह्या क्रमानें तो चालत राहिला. सर्वांत बिकट अवस्थेंतलें पहिलें यंत्र १९३३ सालीं पुन्हां चालूं झालें. तेरा वर्षें गेलीं. पण हॅरिसनचीं यंत्रें जगाला परत मिळालीं.

त्या यंत्रांची आजची व्यवस्थाहि बोधप्रद आहे. ग्रीनिचला पहिलीं तीन चालतीं ठेवतात. सर्वांत यशस्वी ठरलेलें चौथें मात्र जाणूनबुजून बंद ठेवलें आहे. त्याला तेल लागतें, आणि चालविल्यास तें झिजेल. चालविणें म्हणजेच जपणें असें नेहमींच नसतें, हें त्यावरून दिसतें. घरच्या घड्याळाच्या बाबतींत इतकें कठोर होण्याचें कारण नाहीं. पण वाळलेल्या तेलावर तें वर्षानुवर्षें रेटून चालविण्यापेक्षां, स्वच्छ करून मिळेपर्यंत बंद ठेवणें हिताचें.

दुरुस्त झालेल्या घड्याळाची निगा अवघड नाहीं. किल्ली आठवड्याच्या ठराविक वारीं द्यावी. लंबकाखालची चकती फिरवून गोळा वर नेला कीं घड्याळ पुढें जातें, खालीं आणला कीं मागें पडतें. सेकंदाला दोनदां वाजणाऱ्या घड्याळाचा लंबक सुमारें २५ सेंटिमीटरांचा असतो. त्यांत एका मिलिमीटरचा फरक केला, तर दिवसाला जवळजवळ ३ मिनिटांचा फरक पडतो. म्हणून चकती अगदीं थोडी फिरवावी व एक दिवस वाट पाहावी. उष्णतेनें पोलादी दांडा लांबतो आणि तापमान १० अंशांनीं वाढल्यास घड्याळ दिवसाला सुमारें ५ सेकंद मागें पडतें. तो ऋतूचा परिणाम आहे, बिघाड नव्हे.

ठोक्यांचा मेळ चुकला, तर मिनिटकांटा उलटा फिरवूं नये. पुष्कळ जुन्या घड्याळांत ठोके मोजणारें चाक कांट्यांना बांधलेलें नसतें. तें आपल्याच क्रमानें एकापासून बारापर्यंत मोजत जातें. अशा वेळीं तासकांटा वाजलेल्या ठोक्यांच्या अंकावर हलकेच सरकवावा. मग मिनिटकांटा पुढें फिरवीत, प्रत्येक टोल पुरा होऊं देत, खरी वेळ गांठावी. अंधारांत चमकण्यासाठीं विसाव्या शतकांतील कित्येक गजराच्या घड्याळांच्या अंकांना रेडियमचा रंग दिलेला असे. तो आतां चमकत नसला तरी निरुपद्रवी झालेला नसतो. अशीं घड्याळें हौसेखातर उघडूं नयेत व त्यांचे अंक खरवडूं नयेत.

ज्यांना ह्या छंदाची ओढ वाटत असेल, त्यांनीं पहिला हात आजोबांच्या घड्याळावर चालवूं नये. जुन्या बाजारांतून एखादें साधें, अल्प किंमतीचें यंत्र आणावें, तें दहा वेळां सोडावें व दहा वेळां जोडावें. गांवांत कोणी वृद्ध घड्याळजी अजून दुकान उघडत असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसावें. त्याच्या बोटांना जें ठाऊक असतें, तें सारें पुस्तकांत उतरलेलें नाहीं. आणि घरचें घड्याळ ज्या दिवशीं स्वच्छ होऊन पुन्हां भिंतीवर जाईल, त्या दिवशीं काय केलें, कोणता भाग बदलला व तेल केव्हां दिलें, हें एका कागदावर लिहून तो कागद खोक्याच्या आंत ठेवावा. पुढें कधीं तें उघडणाऱ्याला त्याचा फार उपयोग होईल.