आधी पाठीचं माप, मग खोगीर



निरुपयोगी गोष्टींचा नुसता भरणा झाला की आपण त्याला ‘खोगीरभरती’ म्हणतो. पण ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांना विचारा, खोगिरातली भरती किती महत्त्वाची असते ते. ती चुकली की मुक्या जनावराची पाठ सोलते. मी हे पैसे घालवून शिकले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज बोलतेय.

आमच्याकडे एक काठेवाडी घोडी आहे, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. लग्नसराईत ती वरातीला जाते, तेवढाच घराला हातभार. माझी लेक कॉलेजात एनसीसीच्या घोडेस्वारीच्या शाखेत गेली आणि तिथे अडथळ्यांवरून उडी मारायला शिकली. सुट्टीत येऊन म्हणाली, “आई, घरी सराव करीन, स्पर्धेतही उतरीन. पण आपल्या वरातीच्या खोगिरावर उडी मारता येत नाही.”

तिचं खरं होतं. उडी मारताना स्वार रिकिबी आखूड करतो आणि पुढे झुकतो. इंग्लिश पद्धतीच्या उडीच्या खोगिराचे बाजूचे पाखे म्हणून पुढच्या अंगाला कापलेले असतात आणि गुडघा टेकायला तिथे उशी असते. मी बचत गटातून कर्ज काढलं आणि एका विक्रेत्याकडून नवंकोरं, चकचकीत, स्वस्तातलं खोगीर आणलं. घोडीला सोबत नेलं नव्हतं. तिचं मापही नेलं नव्हतं.

आठ दिवसांत घोडी बदलली. खोगीर दिसलं की कान मागे टाकायची, चावायला यायची, अडथळ्यासमोर अडून बसायची. सगळे म्हणाले, घोडी बिघडली. मीसुद्धा लेकीला म्हटलं, दे दोन छड्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. जनावरांच्या डॉक्टरांनी केस बाजूला करून दाखवलं, तर खांद्यावरच्या उंचवट्यावर सूज होती आणि खाली जखम. ते म्हणाले, “घोडी अडेल नाही बाई, तिला दुखतंय.” खोगीर तिच्या पाठीला फार रुंद होतं, म्हणून पुढून खाली बसून हाडावर घासत होतं. दीड महिना घोडी बसून राहिली. वरातीच्या तारखा गेल्या, लेकीची स्पर्धा हुकली. गटाचा हप्ता मात्र चुकला नाही, तो भरावाच लागला.

मैत्रिणींनो, माप न देता आपण ब्लाउज शिवायला टाकतो का? मग खोगीर कसं आणायचं? माप घेणं सोपं आहे. जाडसर, वाकणारी तार घ्या. घोड्याच्या खांद्याच्या हाडामागे, जिथे खोगिराचं पुढचं टोक येतं, तिथे ती पाठीवर आडवी दाबून बसवा. आकार न मोडता उचला, पुठ्ठ्यावर ठेवून रेघ मारा आणि कापा. हा पुठ्ठा बाजारात सोबत न्या.

घोडं समोर असेल तर उत्तमच. खाली कापड न घालता खोगीर ठेवा, तंग आवळा, स्वाराला बसवा. आता पुढच्या कमानीखाली, उंचवट्याच्या वर, दोन-तीन बोटं जायला हवीत. मागून वाकून पाहा. मणक्यावर पुढपासून मागपर्यंत उजेड दिसला पाहिजे. दोन्ही बाजूंच्या गाद्या पाठीला सारख्या टेकल्या पाहिजेत, मधेच पोकळी नको. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. स्वाराच्या मागे बसायला वीतभर नको, हाताच्या तळव्याएवढी जागा उरली की पुरे.

हात आखडता असेल तर चांगलं जुनं खोगीर हे स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरं. पण पारखून घ्या. खोगिराच्या आत लाकडाचा किंवा फायबरचा सांगाडा असतो. पुढची बाजू मांडीला टेकवून मागची कड आपल्याकडे ओढा. मधेच दुमडलं किंवा करकरलं, तर सांगाडा मोडलाय. फुकट मिळालं तरी घेऊ नका. तंगाचे पट्टे जोरात ओढून शिवण पाहा. चामडं दुमडून भेगा पाहा. भरतीत गाठी असतील तर घाबरू नका, ती कारागिराकडून पुन्हा भरून घेता येते.

कानपूर हे खोगिरांचं जुनं गाव आहे. इंग्रजांच्या काळात तिथे लष्करासाठी खोगिरांचा सरकारी कारखाना होता, आणि आजही तिथली खोगिरं परदेशात जातात. तिथून मागवलंत तरी पुठ्ठ्याचं माप पाठवा, आणि रिकिबी, त्यांचे पट्टे, तंग किमतीत धरलेत का ते आधी विचारा. कृत्रिम कापडाचं खोगीरही वाईट नसतं. हलकं असतं, पुसून साफ होतं. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, तशी त्याला लवकर धरत नाही.

दिखाव्याला भुलू नका. उडीच्या स्पर्धेत दांडी पडली की 4 दंडगुण, घोडं अडलं तरी 4. खोगीर चकचकीत आहे म्हणून एकही गुण मिळत नाही. रोजची रपेट आणि उडी दोन्हीला एकच खोगीर हवं असेल, तर सर्व कामांना चालणारं मधल्या घडणीचं घ्या. लहान उड्यांना ते पुरतं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. रिकीब बुटापेक्षा बोटभर रुंद हवी आणि बुटाला टाच हवी. रिकिबीचा पट्टा जिथे अडकतो तिथली कळ उघडी ठेवा. मूल पडलं तर पट्टा सुटून येतो, ते फरफटत जात नाही.

पुढे आम्ही पुठ्ठा घेऊन फिरलो आणि एक जुनं खोगीर घेतलं. पहिलं विकलं, पण ते रुंद पाठीच्या घोड्याचं आहे हे सांगून विकलं. रपेटीनंतर लेक आता खोगीर काढून घामाचा डाग बघते. दोन्ही बाजूंना सारखा ओला असला की ठीक, मधेच कोरडा ठिपका दिसला की तिथे दाब येतोय का ते तपासते. घोडी आता खोगीर पाहून कान मागे टाकत नाही. मला तेवढी पावती पुरे.

जनावर बोलत नाही, पण सांगत असतं. छडी उचलण्याआधी खोगीर उचलून बघा.