गोळी पोटात दडवणारं काडतूस

कुठल्याही साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं फिरतं चक्र आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. चक्र फिरायचं तर ती हवीच. पण गोळी सुटताना दारूचा थोडा वायू तिथून निसटतो, आणि तेवढा जोर वाया जातो.

बेल्जियममधल्या लिएजचे बंदूक-कारागीर एमिल आणि लेऑन नागाँ यांचं रिव्हॉल्व्हर झारच्या रशियाने 1895 मध्ये सैन्यासाठी स्वीकारलं. त्याच्या 7.62 मिलिमीटर काडतुसात गोळी बाहेर डोकावतच नाही. ती पितळी नळकांड्यात पूर्ण बुडालेली असते, आणि नळकांड्याचं तोंड किंचित निमुळतं. घोडा मागे गेला की अख्खं चक्र पुढे सरकतं आणि ते तोंड थेट नळीत शिरतं. बार उडताच पितळ फुगतं आणि फट बंद! मला या कल्पनेचं मनापासून कौतुक वाटतं.

किंमतही मोजावी लागली. चक्र ढकलायचं म्हणून चाप फार जड झाला. सातही काडतुसं एकेक करून भरायची आणि रिकामी नळकांडी एकेक करून ढकलून काढायची, म्हणजे ऐन लढाईत जीव टांगणीला.

एक फायदा मात्र पुढे उमगला. फटच बुजलेली असल्यामुळे नळीला आवाज दाबणारं साधन लावलं की ते खरोखर काम करतं. इतर रिव्हॉल्व्हरांचा आवाज त्या फटीतूनच फुटतो. 1898 पासून रशियातल्या तुला शहरात तयार होणारं हे रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धातही सोव्हिएत सैनिकांच्या कमरेला होतं.