संकटांतून कृपेकडे
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिवशीं आपण ईश्वराच्या उपकारांचें स्मरण करीत आहों. परंतु ज्या घरांतून आपण येथें आलों, त्यांपैकीं कित्येक घरांत आजारीपण आहे, कर्ज आहे, नुकत्याच झालेल्या मृत्यूचा शोक आहे. 'संकटानें मनुष्य सुधारतो' असें तेथें जाऊन सांगणें सोपें आहे. पण तें पुरतें खरें नाहीं. संकटानें मनुष्य बिघडतोही. मग संकटाचें सोनें होतें तें कशानें? याचें उत्तर आम्हांस संत इग्नेशियस लॉयोला यांच्या चरित्रांत सांपडलें.

इ. स. १५२१ च्या मे महिन्याच्या २० व्या तारखेस स्पेन देशांतील पांप्लोनाच्या किल्ल्यांत तोफेच्या गोळ्यानें या मानी योद्ध्याचा उजवा पाय मोडला व डावाही जखमी झाला. घरीं आणल्यावर हाड नीट जुळलें नाहीं म्हणून तें पुन्हां मोडून बसवावें लागलें. तो मरणाच्या दारीं जाऊन परत आला. परंतु गुडघ्याखालीं एक हाड वर राहिलें. त्यामुळें ऐटबाज बूट घालतां येणार नाहींत, एवढ्यासाठीं त्यानें तें हाड कापवून घेतलें! शरीर मोडलें होतें. अहंकार मोडला नव्हता. केवळ दुःखानें मनुष्य बदलत नाहीं, हा पहिला बोध.

अंथरुणावर वेळ जाईना म्हणून त्यानें शौर्याच्या कथा मागितल्या. त्या घरांत नव्हत्या; ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें तेवढीं मिळालीं. वाचतां वाचतां एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. ऐहिक वैभवाचे विचार येत तेव्हां गोड वाटत, पण मागें मन कोरडें राही. संतांचें अनुकरण करण्याचे विचार मात्र गेल्यावरही आनंद ठेवून जात. येथें त्याच्या जीवनास वळण लागलें. त्यानें आपलें मन तपासलें, हा दुसरा बोध.

इ. स. १५२२ मध्यें माँत्सेरात येथील मातेच्या वेदीपाशीं त्यानें तरवार ठेविली व आपलीं भारी वस्त्रें एका गरिबास दिलीं. तरीही मानरेसा येथें याहून दारुण संकट आलें. कुमसार करूनही पापांची शंका सुटेना. जीव द्यावा असा मोह झाला. तें पाप होय म्हणून तो थांबला, आणि अन्न वर्ज्य केलें असतां कुमसार ऐकणाऱ्या गुरूच्या आज्ञेनें त्यानें उपास सोडला. एकट्यानें झुंजूं नये, हा तिसरा बोध. पुढें त्यानेंच लिहून ठेविलें कीं, मन खिन्न असतां पूर्वीचा चांगला निश्चय बदलूं नये.

नंतर तेहतिशीच्या सुमारास तो बार्सेलोना येथें लहान मुलांमध्यें बसून लॅटिन शिकला. पॅरिसमध्यें त्यास सोबती मिळाले. इ. स. १५४० मध्यें येशूसंघास पोपची मान्यता मिळाली. त्यांपैकींच फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४२ त गोव्यास उतरले. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनीं मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलें व तें इ. स. १६१६ मध्यें छापलें गेलें. पांप्लोनाच्या त्या मोडलेल्या पायाचें फळ अशा रीतीनें आपल्या मायबोलीपर्यंत पोंचलें.

बंधुभगिनींनो, संत इग्नेशियस जन्मभर किंचित् लंगडतच चालले. संकटाची खूण राहतेच. वाट मात्र बदलतां येते. म्हणून आपल्यापैकीं ज्यांच्यावर प्रसंग आला आहे, त्यांनीं खिन्नतेच्या भरांत कोणताही निर्णय घेऊं नये. मन उघडें करण्यास एक विश्वासू माणूस शोधावा. आणि ज्यांच्या घरीं आज सुख आहे, त्यांनीं शेजाऱ्यासाठीं तो माणूस व्हावें. ज्युबिलीची याहून मोठी भेट आम्हांस सुचत नाहीं.

प्रभु येशू आपल्या सर्वांच्या घरीं शांति देवो, पवित्र मरिया आपली पाठराखण करो. आमेन.